वीज वितरण कंपनीतली नियामक वकिली: याचिका, मुदती आणि प्रकरण हातचं जातं त्या जागा

सह्यगिरी (धागाकर्ता)

दिवाणी किंवा करारांच्या कामातून वीज क्षेत्राकडे वळणारे वकील एकच प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर विचारतात: वितरण कंपनीच्या नियामक विभागात वरिष्ठ वकील नेमकं करतो काय? उत्तरं विखुरलेली आहेत, म्हणून हा धागा. चौकट भारतातली आणि उदाहरणं बरीचशी महाराष्ट्राची. पारेषण आणि निर्मितीवाल्यांनी आपापली भर घालावी.

या पदावर युक्तिवाद करायला उभं राहणं हा कामाचा लहान भाग आहे. मोठ्या सुनावणीला बाहेरचे ज्येष्ठ वकील असतातच. कंपनीतल्या वकिलाचं खरं काम म्हणजे वीज नियामक आयोगापुढे जाणारा प्रत्येक आकडा कुठल्या तरतुदीवर उभा आहे, त्याचा पुरावा कुठल्या जोडपत्रात आहे आणि तीन वर्षांनी कुणी विचारलं तर तो सापडेल का, हे पाहणं. जे अभिलेखावर नाही ते अपिलात उभं करता येत नाही. बहुतेक वीजदर प्रकरणं सुनावणीत हरत नाहीत, याचिका दाखल होते त्याच दिवशी हरलेली असतात.

कायद्याची उतरंड आधी पक्की हवी. सर्वात वर विद्युत अधिनियम २००३, मग केंद्र सरकारचे नियम, राज्य आयोगाने कलम १८१ खाली केलेले विनियम, आयोगाचे आदेश आणि शेवटी करार. यात विनियम आणि आदेश यांतला फरक नवख्यांना फार महागात पडतो. पीटीसी इंडिया विरुद्ध केंद्रीय वीज नियामक आयोग या २०१० च्या निकालात घटनापीठाने स्पष्ट केलं की विनियम हे दुय्यम विधान आहे आणि त्याची वैधता कलम १११ च्या अपिलात अपिलीय न्यायाधिकरण तपासू शकत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात रिट करावी लागते. म्हणजे विनियमातलं सूत्रच तोट्याचं असेल, तर दर आदेशाविरुद्ध अपील करून काही हाती लागत नाही. ती लढाई विनियमाचा मसुदा हरकतींसाठी येतो तेव्हाच लढायची. महाराष्ट्रात २०२४ च्या बहुवार्षिक वीजदर विनियमांचा कालावधी २०२५-२६ ते २०२९-३० असा पाच वर्षांचा आहे. मसुद्यावर घाईघाईने पाठवलेल्या दोन पानी टिप्पणीची किंमत पाच वर्षं मोजावी लागते. माझ्या मते या पदावरचा सर्वात मोलाचा वेळ तोच, आणि बहुतेक कंपन्यांत सर्वात कमी वेळ त्यालाच मिळतो.

आता वीजदर याचिका. कलम ६१ मध्ये तत्त्वं, ६२ मध्ये दरनिश्चिती, ६४ मध्ये कार्यपद्धती. याचिकेचा गाभा म्हणजे एकूण महसुली गरज: वीज खरेदी, पारेषण आकार, संचालन व देखभाल, घसारा, कर्जावरचं व्याज, खेळत्या भांडवलावरचं व्याज, भागभांडवलावरचा परतावा, बुडीत कर्जाची तरतूद; त्यातून दराव्यतिरिक्तचं उत्पन्न वजा. वाटेवरचे टप्पे असे: विहित नमुन्यात सूत्रांसह एक्सेल, आयोगाच्या अधिकाऱ्यांबरोबर तांत्रिक प्रमाणीकरण सत्र, त्यातल्या त्रुटींना लेखी उत्तरं, सुधारित याचिका, मग वृत्तपत्रांत संक्षिप्त सूचना, हरकती, प्रत्येक हरकतीला उत्तर, जनसुनावणी, आदेश. कलम ६४(३) प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून १२० दिवसांत आयोगाने आदेश द्यायचा असतो.

सर्वात जास्त आकडे कुठे कापले जातात, तर भांडवली खर्चात. तत्त्वतः मंजुरीशिवाय केलेली योजना, किंवा मंजुरीपेक्षा खर्च वाढला पण कारणं नोंदलेली नाहीत. समजा १०० कोटींची योजना नाकारली गेली. कर्ज आणि भागभांडवल यांचं प्रमाण ७०:३०, घसारा ५.२८ टक्के, व्याज ९ टक्के, परतावा १४ टक्के धरा (शेवटचे दोन निव्वळ उदाहरणादाखल). पहिल्या वर्षी घसारा ५.२८ कोटी, व्याज ६.३० कोटी, परतावा ४.२० कोटी, म्हणजे १५.७८ कोटी एका वर्षात गेले. कर्ज फिटत जाईल तसं व्याज उतरतं, पण फटका मालमत्तेच्या आयुष्यभर बसत राहतो. म्हणून विस्तृत प्रकल्प अहवाल आयोगाकडे जाण्याआधी वकिलाच्या टेबलावरून गेला पाहिजे, फक्त प्रकल्प विभागाच्या नाही.

धूमकेतू

उत्तम धागा. ट्रुइंग-अपबद्दल लिहितो, कारण लोक त्याला हिशेबतपासणी समजतात.

आधी अंदाजावर दर ठरतो, नंतर लेखापरीक्षित आकड्यांवर फरक मिटवला जातो. फरक कुणाच्या खिशातून जाणार हे घटक नियंत्रणीय आहे की अनियंत्रणीय यावर ठरतं. इंधनाची किंमत, कायद्यातला बदल हे सर्वसाधारणपणे अनियंत्रणीय; वितरण हानी, देखभाल खर्च नियंत्रणीय. नियंत्रणीय बाबीतल्या नफ्या-तोट्याची वाटणी विनियमात दिलेल्या प्रमाणात होते. त्यामुळे याचिकेत नुसतं 'खर्च वाढला' असं लिहून भागत नाही. वाढलेल्या खर्चातला कोणता तुकडा कोणत्या कारणाने, आणि ते कारण कंपनीच्या हाताबाहेरचं का, हे तुकड्या-तुकड्याने मांडावं लागतं. वेतनकराराच्या थकबाकीचा बोजा सामान्य देखभाल खर्चात मिसळून दाखवला की तो मानकाच्या वर जातो आणि अकार्यक्षमता म्हणून कापला जातो. तोच वेगळ्या रकान्यात, कराराच्या प्रतीसह दाखवला तर निदान विचारात तरी घ्यावा लागतो.

दुसरा मुद्दा आयोगाच्या बाजूचा. बीएसईएस राजधानी विरुद्ध दिल्ली आयोग या ऑक्टोबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की ट्रुइंग-अपच्या टप्प्यावर मूळ दर आदेशातली तत्त्वं आणि गृहीतकं नव्याने बदलता येत नाहीत. हा निकाल दोन्हीकडून कापतो. आयोग पद्धत बदलू शकत नाही, तसं कंपनीलाही मूळ आदेशात गमावलेला मुद्दा ट्रुइंग-अपमध्ये परत काढता येत नाही.

आणि नियामक मत्ता, म्हणजे मंजूर झालेली पण दरातून अजून वसूल न झालेली रक्कम. वसुली पुढे ढकलली की ग्राहकाला आजचा दर कमी दिसतो, पण कॅरिंग कॉस्ट (अडकलेल्या रकमेवरचं व्याज) धरून तीच रक्कम पुढे जास्त होऊन येते. २०२४ च्या दुरुस्तीने विद्युत नियमांत आलेला नियम २३ बघा: मंजूर महसुली गरज आणि मंजूर दरातून येणारा महसूल यांत तफावत ठेवायची नाही, नैसर्गिक आपत्तीची स्थिती अपवाद, तीही मंजूर गरजेच्या ३ टक्क्यांच्या आत, आणि कॅरिंग कॉस्टसह जास्तीत जास्त तीन समान वार्षिक हप्त्यांत मिटवायची. दर आदेशाचा मसुदा वाचताना हा नियम समोर ठेवा.

चंद्रभागा

मुदतींबद्दल. इथे चांगले वकील अडकतात, कारण दिवाणी कायद्याची सवय आड येते.

आयोगाच्या आदेशाविरुद्ध अपिलीय न्यायाधिकरणाकडे कलम १११ खाली ४५ दिवस, आणि ते आदेशाची प्रत मिळाल्यापासून. प्रत कधी मिळाली याची आवक नोंद जपून ठेवा. उशीर झाला तर पुरेसं कारण दाखवून तो माफ होऊ शकतो, त्याला कलमात वरची मर्यादा नाही.

तिथून सर्वोच्च न्यायालयात कलम १२५ खाली ६० दिवस, आणि पुरेसं कारण असेल तर आणखी जास्तीत जास्त ६०. त्यापुढे एक दिवसही नाही. छत्तीसगड राज्य विद्युत मंडळाच्या २०१० च्या निकालाने मुदत अधिनियमाच्या कलम ५ चा (उशीर माफीचा) आधार इथे बंद केला आहे. शिवाय हे अपील दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मधल्या कारणांवरच, म्हणजे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न हवा. आकड्यांचा वाद न्यायाधिकरणातच संपतो असं धरून तिथलं काम करा.

आता खरा सापळा. आदेशात आकडेमोडीची चूक दिसली की कंपनी कलम ९४(१)(च) खाली पुनर्विलोकन दाखल करते आणि अपील थांबवून ठेवते. पुनर्विलोकन फेटाळलं तर काय? फेटाळणीच्या आदेशाविरुद्ध अपील होत नाही. मूळ आदेश मूळ तारखेनेच उभा राहतो, विलीनीकरण होत नाही, म्हणजे तो फेटाळणीच्या आदेशात मिसळून जात नाही. डीएसआर स्टील विरुद्ध राजस्थान राज्य (२०१२) हा नेमका याच मुद्द्यावरचा आणि वीज कायद्यातलाच निकाल आहे. तोवर ४५ दिवस कधीच उलटलेले असतात आणि उशीर माफीचा अर्ज लिहावा लागतो. करायचं काय, तर आदेश आल्यावर पहिल्या दहा दिवसांत मुद्द्यांचे दोन गठ्ठे पाडा. बेरजेची चूक, सुटलेला आकडा, उघड दिसणारी विसंगती हे पुनर्विलोकनात. तत्त्वाचा, अर्थ लावण्याचा मुद्दा थेट अपिलात. एकच मुद्दा दोन्हीकडे नेऊ नका.

उत्सुक_मन

इतकं नेमकं कुठे वाचायला मिळालं नव्हतं. दोन प्रश्न. शेतीपंपांच्या वापराच्या अंदाजावरून दर सुनावणीत इतका वाद का होतो? त्यात वकिलाचा काय संबंध, ते तर अभियंत्यांचं काम ना? आणि वीज खरेदी करारांचे वाद याच विभागाकडे असतात का?

सह्यगिरी

शेतीपंपांचं मी सांगतो, कारण यात एकच आकडा दोन ठिकाणी मारतो.

जिथे पंपांना मीटर नाही किंवा मीटरचं वाचन विश्वासार्ह नाही, तिथे वापर अंदाजाने धरला जातो. विक्रीत धरलेलं युनिट हानीत येत नाही. आता हिशेब बघा. कंपनीने १,००० दशलक्ष युनिट घेतले, विक्री ८५० दाखवली, हानी १५ टक्के. मंजूर हानीही १५ टक्केच. आयोगाने शेतीचा वापर ३० दशलक्ष युनिटने जास्त दाखवला आहे असं ठरवलं, विक्री ८२० झाली, हानी १८ टक्के. १५ टक्के मंजूर हानीने ८२० विकायला ९६४.७ दशलक्ष युनिट पुरतात, म्हणून उरलेल्या ३५.३ दशलक्ष युनिटची खरेदी नामंजूर. सरासरी खरेदी दर ५ रुपये धरला तर १७.६५ कोटी गेले. वर त्या ३० दशलक्ष युनिटवर मागितलेलं सरकारी अनुदानही अडचणीत.

वकिलाचा संबंध पुराव्याशी. वेगळ्या केलेल्या कृषी फीडरवरची (शेतीसाठीच्या वीजवाहिनीवरची) नोंद, त्या फीडरवर बिगरशेती भार किती, मीटर बंद असलेल्या महिन्यांत कोणती पद्धत वापरली, नमुना कसा निवडला, हे सगळं प्रतिज्ञापत्रावर हवं. गेल्या वेळी आयोगाने सुचवलेली पद्धत सोडून दुसरी वापरली असेल तर कारण लिहिलंच पाहिजे. ग्राहक प्रतिनिधी या भागाचा फार बारकाईने अभ्यास करून येतात, आणि तो त्यांचा अधिकार आहे. फुगवलेला अंदाज शेवटी प्रामाणिक बिल भरणाऱ्याच्या दरात जातो. तो याचिकेत जाऊ न देणं हेही या पदाचंच कर्तव्य आहे.

अनुदानाबद्दल एक ओळ: कलम ६५ प्रमाणे सरकारने सवलतीचा दर जाहीर केला तर भरपाईची रक्कम आगाऊ द्यायची असते, ती आली नाही तर त्या तारखेपासून सवलतीचा निर्देश लागू राहत नाही, आयोगाने ठरवलेला दर लागू होतो. ही तरतूद पत्रव्यवहारात वेळच्या वेळी उद्धृत करून ठेवावी.

वैनतेय

वीज खरेदी करार हो, याच विभागाकडे. निर्मिती कंपनी आणि परवानाधारक यांच्यातला वाद कलम ८६(१)(च) खाली राज्य आयोगाकडे जातो; एकाहून जास्त राज्यांना वीज विकण्याची संयुक्त योजना असेल तर कलम ७९ खाली केंद्रीय आयोगाकडे. करारात लवाद कलम असलं तरी आयोगाचा अधिकार टिकतो, आयोग स्वतः निवाडा करतो किंवा लवादाकडे पाठवतो. गुजरात ऊर्जा विकास निगम विरुद्ध एस्सार पॉवर, २००८. आणि आयोगापुढचा पैशाचा दावा मुदत कायद्याने बाद झालेला असेल तर तो इथेही जिवंत होत नाही, हे लॅन्को कोंडापल्ली (२०१६) मध्ये ठरलं आहे. जुन्या थकीत दाव्यांना उत्तर देताना पहिला परिच्छेद मुदतीचाच असावा.

रोजच्या कामात सर्वात जास्त येतं ते 'कायद्यातील बदल'. २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग निकालाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या: इंडोनेशियातला कायदा बदलून कोळसा महागला तर ना ती अनिवार्य आपत्ती (फोर्स मेज्योर, पक्षाच्या हाताबाहेरची घटना), ना करारातला कायदाबदल; पण देशातल्या कोळसा वाटप धोरणात बदल झाला तर तो कायदाबदल धरला जातो.

२०२१ च्या नियमांनी वसुलीची पद्धतही बदलली. बाधित पक्ष तीन आठवडे आधी नोटीस देतो, हिशेब सादर करतो आणि पुढच्या बिलापासून वसुली सुरू करू शकतो. वसुली सुरू झाल्यापासून ३० दिवसांत कागद आयोगाकडे, आणि ते मिळाल्यावर आयोगाने ६० दिवसांत पडताळणी करायची. म्हणजे पैसा आधी जातो, तपासणी नंतर. म्हणून नोटीस वीज खरेदी विभागाच्या ढिगात पडून राहता कामा नये. त्या तीन आठवड्यांत हे बघा: करारातली कट-ऑफ तारीख कोणती, बदल त्यानंतरचा आहे का, अधिसूचना मूळ स्वरूपात जोडली आहे का, की फक्त वृत्तपत्राचं कात्रण, प्रति युनिट परिणाम काढताना प्रत्यक्ष कोळसा वापर घेतला की मानकाचा, दोहोंतला कमी कोणता, जीएसटीच्या बाबतीत नवा कर मोजताना रद्द झालेले जुने कर वजा केले का, लेखापरीक्षकाचं प्रमाणपत्र आहे का. जुने कर वजा न करणं ही फार नेहमी सापडणारी गोष्ट आहे. आक्षेप लेखी आणि आकड्यासहित पाठवा. 'आम्ही हक्क राखून ठेवतो' एवढ्याने काही होत नाही.

थकबाकीवर लक्ष ठेवा. २०२२ च्या विलंब अधिभार नियमांप्रमाणे मूळ दर म्हणजे स्टेट बँकेचा एक वर्षाचा एमसीएलआर (बँकेच्या कर्जाचा किमान व्याजदर) अधिक ५ टक्के, उशिराच्या प्रत्येक महिन्याला अर्धा टक्का वाढ, मूळ दराच्या वर ३ टक्क्यांपर्यंत. आणि भरलेली रक्कम आधी अधिभारात जमा होते, मग बिलात. वादग्रस्त बिलातला मान्य भाग वेळेत भरून टाकणं त्यामुळे जवळपास नेहमीच स्वस्त पडतं.

मीटरवाला

ग्राहक तक्रार निवारण मंचाकडची बाजू राहिली. थोडक्यात.

कलम ५६ खाली वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची नोटीस. ५६(२) ची दोन वर्षं कशी मोजायची, यावर २०२० चा अजमेर वितरण निगम विरुद्ध रहमतुल्ला खान हा निकाल वाचा: बिल दिल्यावर रक्कम प्रथम देय होते, दोन वर्षांनंतर चुकीमुळे राहिलेली पुरवणी मागणी करता येते, पण तिच्यासाठी वीज तोडता येत नाही. क्षेत्रीय कार्यालयातून जाणाऱ्या पुरवणी बिलांवर छापील नोटीस तोडणीच्या धमकीसह जाते, तीच मंचात कंपनीवर उलटते. नमुनाच बदलून घ्या.

कलम १२६ आणि १३५ ची गल्लत थांबवा. १२६ म्हणजे अनधिकृत वापराचं निर्धारण, दुप्पट दराने. १३५ म्हणजे चोरी, फौजदारी. १२६ मध्ये तात्पुरता आदेश बजावल्यापासून ३० दिवसांत अंतिम आदेश, त्याविरुद्ध कलम १२७ खाली ३० दिवसांत अपील, निम्मी रक्कम भरून. मंजूर भारापेक्षा जास्त वापरही १२६ मध्ये येतो हे सीताराम राइस मिल निकालात (२०११) ठरलं आहे. पण नवीन दर आदेशाने ग्राहकाची वर्गवारीच बदलली असेल तर तो अनधिकृत वापर नव्हे. तिथे १२६ लावणं सरळ बेकायदा, आणि अशी प्रकरणं लढवण्यापेक्षा बिल दुरुस्त करून मिटवावीत.

चंद्रभागा

जनसुनावणीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. हरकत मराठीत आली तर उत्तर मराठीतच द्या, आणि प्रत्येक हरकतदाराला वेगळं. 'वरील मुद्द्याचं उत्तर याचिकेत दिलेलं आहे' या वाक्यावर बंदीच हवी. पान आणि परिच्छेद सांगा. बिलावर लोकांना स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार हे शब्द दिसतात. उत्तरंही त्याच शब्दांत असावीत. स्थिर आकार वाढवण्याची मागणी असेल, तर कंपनीच्या खर्चातला किती हिस्सा वीज वापरावर अवलंबून नाही आणि त्यातला किती सध्या स्थिर आकारातून वसूल होतो, हे दोन आकडे शेजारी ठेवले की अर्धी चर्चा सोपी होते.

उत्सुक_मन

धन्यवाद सगळ्यांना. रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात वाचायला काय घ्यावं? आणि प्रतिज्ञापत्रावर सही वकिलाने करावी का?

धूमकेतू

सही वकिलाने करू नये. वस्तुस्थिती ज्याच्या विभागाची, त्या सक्षम अधिकाऱ्याने करावी, संचालक मंडळाच्या अधिकारपत्रासह. त्याने सही करण्याआधी एक्सेल आणि लेखापरीक्षित ताळेबंद यांचा ताळमेळ तक्ता त्याच्यासमोर ठेवा. प्रत्येक फरकाला एक ओळीचं स्पष्टीकरण हवं. तांत्रिक प्रमाणीकरण सत्रात पहिला प्रश्न तोच येतो.

वाचनाला अधिनियमापासून सुरुवात करू नका. मागचे दोन दर आदेश घ्या आणि एकच आकडा निवडा, म्हणा मंजूर वितरण हानी. तो याचिकेत किती होता, हरकतीत काय आलं, कंपनीने काय उत्तर दिलं, आयोगाने कोणत्या कारणाने किती ठेवला, पुढच्या ट्रुइंग-अपमध्ये प्रत्यक्ष किती निघाला, हे उलट-सुलट शोधा. लागेल तसं कलम आणि विनियम उघडा. आठवडाभरात कंपनीच्या पैशाची वाट कळते.

सह्यगिरी

त्यात दोन कागदांची भर. पहिला, आदेशातल्या निर्देशांची यादी. दर आदेशात ठिकठिकाणी 'परवानाधारकाने सहा महिन्यांत अहवाल सादर करावा' असे निर्देश विखुरलेले असतात, शेवटच्या प्रकरणात एकत्र असतातच असं नाही. आदेश आल्याच्या आठवड्यात ते सगळे काढून प्रत्येकापुढे जबाबदार अधिकारी आणि तारीख लिहा. पाळले नाहीत तर कलम १४२ खाली प्रत्येक उल्लंघनाला एक लाखापर्यंत दंड, आणि चालू राहिलं तर दिवसाला सहा हजारांपर्यंत. रक्कम मोठी नाही, पण पुढच्या याचिकेत मागितलेल्या खर्चाकडे आयोग कोणत्या नजरेने बघेल हे त्या यादीवरच ठरतं.

दुसरा, अपिलात प्रलंबित मुद्द्यांची यादी. पुढची याचिका करताना त्यातला प्रत्येक मुद्दा 'अपिलातल्या हक्काला बाधा न येता' असं लिहून वेगळा मांडा. त्याचा आकडा दोन्ही पद्धतींनी काढून दाखवा: एक आयोगाच्या सध्याच्या पद्धतीने, एक अपिलात मागितलेल्या पद्धतीने. न्यायाधिकरणाचा निकाल बाजूने लागला की अंमलबजावणीच्या अर्जाला तोच तक्ता लागतो, आणि त्या वर्षांची कॅरिंग कॉस्टही त्याच्यावरून काढता येते.